कोरा राहू दे, अण्णा

इंदू गेली तेव्हा मी झोपलो होतो. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. जेवून आडवं व्हायची माझी सवय सगळ्या हाटपिपल्याला ठाऊक आहे. शाळेत हेडमास्तर असतानासुद्धा मधल्या सुट्टीनंतर माझे डोळे मिटलेले असत, असं माझे जुने विद्यार्थी आजही तोंडावर सांगतात. फोन कुसुमने, माझ्या बायकोने, घेतला. धारहून इंदूच्या घरमालकीणबाई बोलत होत्या. "दीदी नहीं रहीं," एवढंच... कुसुमने मला लगेच उठवलं नाही. आधी चहा ठेवला, मग हाक मारली. "जाणारी गेलीच होती, म्हटलं अर्धा तास झोपू द्यावं तुम्हाला," असं ती नंतर म्हणाली. तिच्या मनात काही वावगं नव्हतं. पण गेले सहा आठवडे तो अर्धा तास माझ्या घशाखाली उतरत नाही, आणि का उतरत नाही ते सांगायलाच हा लेख लिहायला बसलो आहे.

इंदू म्हणजे इंदुमती, माझी मामेबहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. धारच्या एका कॉलेजात तिने जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही; का केलं नाही हे विचारायची आमच्या घराण्यात कुणाची छाती झाली नाही. वरच्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्या, एक लोखंडी खाट, एक टेबल आणि भिंतींवर चिकटवलेले आलेखाचे कागद, एवढा तिचा संसार. ती नेमकं कशावर संशोधन करते हे मला पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं. एकदा दिवाळीला आली असताना मी जरा कुचेष्टेनेच विचारलं, "इंदू, तुझं ते शास्त्र तरी कशाचं आहे गं? एक दिवस विहिरींवर बोलतेस, दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मरवर, तिसऱ्या दिवशी तापाच्या साथीवर." ती रागावली नाही. पानाच्या डब्यातली सुपारी घेऊन तिने एका खोलगट वाटीत टाकली आणि वाटीला टिचकी मारली. सुपारी जरा हलली आणि पुन्हा तळाशी येऊन बसली. मग तीच सुपारी तिने ताटात ठेवली आणि ताटाला तशीच टिचकी मारली. सुपारी घरंगळली, इकडे गेली, तिकडे गेली, बऱ्याच वेळाने थांबली.

"बघ अण्णा, दोन्ही वेळा सुपारी शेवटी थांबलीच. वरवर बघणाऱ्याला वाटेल, सगळं ठीक आहे. पण वाटी हळूहळू ताट होत चाललीये, हे सुपारी कुठे आहे त्यावरून कळत नाही. ती सावरायला किती वेळ घेते, त्यावरून कळतं." विहीर असो, शहराचं लाइटचं जाळं असो की माणूस, अनेक धाग्यांनी बांधलेली गोष्ट कोसळते तेव्हा एकदम कोसळते; पण त्याआधी ती धक्क्यातून सावरायला उशीर लावू लागते. तो उशीर मोजायचा, हे तिचं काम. सगळं आयुष्य तिने असा उशीर मोजण्यात घालवलं. मी तेव्हा हसलो आणि ती सुपारी तोंडात टाकली.

निवृत्तीच्या थोडं आधी तिने आमच्या हाटपिपल्याच्या शिवारातल्या पंधरा-वीस विहिरी निवडल्या. देवास जिल्ह्यात पाण्याचे हाल आम्ही लहानपणापासून बघतोय, त्यात नवल काही नव्हतं. पण इंदूचं म्हणणं, विहिरी एकट्या नसतात. जमिनीखाली त्या एकमेकींच्या हातात हात घालून असतात, म्हणून आटतील तेव्हा एकेक आटणार नाहीत. त्यांतली सगळ्यांत खोल आणि सगळ्यांत उतारावरची विहीर माझ्या परसात आहे. तिने मला गाठी मारलेली एक दोरी दिली, टोकाला गवंड्याचा पितळी ओळंबा बांधलेला, आणि एक लांबडी वही. सकाळची लाइट दुपारी बाराला जाते, मोटार बंद पडते. तिथून पुढे दर तासाला दोरी सोडायची, ओळंबा पाण्याला टेकला की गाठी मोजायच्या आणि वहीत लिहायचं. पाणी सकाळच्या खुणेवर परत आलं की काम संपलं. खाटेपासून विहीर चाळीस पावलांवर आहे. हे मी मुद्दाम सांगतोय.

वही देताना ती म्हणाली होती, "एखाद दिवशी जमलं नाही तर रकाना कोरा राहू दे, अण्णा. अंदाजाने भरू नकोस." मला ते जरा लागलंच. आमचे आजोबा देवास संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. कोरा रकाना म्हणजे कारकुनाची गैरहजेरी, ही त्यांची शिकवण. काही नसेल तर 'निरंक' लिहा, पण जागा मोकळी सोडू नका. मामा तसेच, मी तसाच. शाळेचं हजेरीपुस्तक मी चाळीस वर्षांत एकदाही कोरं सोडलं नाही. इंदूला हे सगळं ठाऊक होतं, कारण ती त्याच आजोबांची नात. मी मुलीकडून, ती मुलाकडून. ती म्हणाली, "निरंक म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. कोरं म्हणजे पाहिलंच नाही. आजोबांनी या दोहोंत गल्लत केली रे, आणि आपल्या सगळ्यांना तेच वळण लागलं." मी मान डोलावली. म्हटलं, प्रोफेसरीणबाईंपुढे कोण बोलणार.

पहिली दोन वर्षं मी इमानेइतबारे मोजलं. तीन तासांत, कधी त्याहून थोड्या जास्त वेळात पाणी जागेवर येई. तिसऱ्या वर्षी कंटाळा आला... दुसरा शब्द नाही. आजारी नव्हतो, गुडघे आजच्याइतके दुखत नव्हते, घरात काही अडचण नव्हती. जेवून डोळा लागे, उठेपर्यंत साडेचार होत. आधी मधली एखादी वेळ अंदाजाने भरली. मग दोन. मग असं होऊ लागलं की संध्याकाळी चहा पिता पिता मी गेल्या वर्षीची वही उघडायचो आणि त्याच तारखेचे आकडे एखादी गाठ इकडे-तिकडे करून उतरवून काढायचो. अक्षर सुंदर, एक रकाना मोकळा नाही. कुसुम विचारायची, "आज मोजलंत का?" मी म्हणायचो, "विहीर काय पळून जातेय?" आणि सकाळी आत डोकावलं की विहीर भरलेलीच दिसायची.

त्या वर्षी माघात इंदू धारहून आली. धर्मशाळेच्या ओट्यावर तिने शेतकऱ्यांना बोलावलं, तीस-चाळीस जण जमले. माझ्या शेजारच्या शेताचा मालक कैलास पुढेच बसला होता, त्याचा धाकटा भाऊ गोपालही. इंदू त्यांच्याशी त्यांच्याच हिंदीत बोलली. "कुआँ सवेरे कितना भरा दिखता है, ये मत देखो. मोटर बंद होने के बाद कित्ती देर में भरता है, ये देखो. देर बढ़ रही है. इस साल गर्मी का मूंग मत लगाओ, गेहूँ में भी मोटर एक दिन छोड़के चलाओ. नहीं तो सब साथ में जाएँगे." एकेका विहिरीचा उशीर तिने वाचून दाखवला. लोक ऐकत होते, काही जण खरोखर विचारात पडले होते. तेवढ्यात कैलासने विचारलं, "मैडम, अपने कुएँ तो छोटे हैं. मास्टरसाब का सबसे गहरा, सबसे नीचे. उसका क्या बोलते हो?"

दुसरं कुणी असतं तर त्याने माझी वही पिशवीतच राहू दिली असती. इंदूने उघडली आणि स्वतःच्या विरुद्ध जाणारे आकडे मोठ्याने वाचले. तीन तास. तीन. तीनला थोडं वर. कैलास हसला. "तो फिर दिक्कत कां है भिया?" मागून एक म्हातारबुवा म्हणाले, "और इस साल तो भगवान भी तीन बार तैरे हैं." आमच्याकडे भाद्रपदात डोल ग्यारसला, म्हणजे एकादशीला, नृसिंहाची दगडी मूर्ती नदीत सोडतात, ती तीनदा तरली की वर्ष चांगलं, असा समज आहे. इंदूने त्याची कधी टिंगल केली नाही. उलट मला म्हणायची, "त्यांच्या अर्थाशी माझं जमत नाही अण्णा, पण नोंद खरी असते. एकदा तरली तर सगळा गाव एकदाच म्हणतो. कुणी मनाने तीन करत नाही." त्या दिवशी लोक उठायला लागले तशी ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "अण्णा, हे तू स्वतः मोजलंस ना?"

सगळे बघत होते. मी हेडमास्तर. म्हटलं, "म्हणजे काय! हो."

होळीनंतर विहिरी गेल्या. आठ दिवसांत, एकामागोमाग, तिने सांगितलं होतं तशा. मूंग वीतभर वर आला होता. माझी विहीर चौथ्या दिवशी गेली. सकाळी डोकावलो तर तळाशी शेवाळलेला दगड दिसला, जो मी जन्मात पाहिला नव्हता. सगळीकडे गाळ काढायची, खोल करायची घाई सुरू झाली. कैलासच्या विहिरीत गोपाल उतरला. खालची हवा खराब होती... वरून हाका मारल्या, तो बोलला नाही. दोर बांधून दुसरा माणूस अर्ध्यावर गेला आणि घाबरून परत आला. गोपालला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या मुठीत गाळ होता. दोन मुलं होती त्याला, मोठी माझ्याच शाळेत. मी खांदा दिला. स्मशानात लोक म्हणत होते, "होनी थी मास्टरसाब, किसको मालूम था." मी 'हो' म्हटलं. तोच 'हो', दुसऱ्यांदा.

महिन्याभराने इंदू आली. चपला काढून थेट मागच्या दाराशी गेली, जिथे खुंटीला दोरी टांगलेली असते. दोरी नवी होती, जुनी झिजली म्हणून तिनेच दिवाळीत आणून दिलेली. तिने ती हातात घेतली. दुकानातली घडी मोडली नव्हती, वेटोळ्याला बांधलेली सुतळी तशीच होती, ओळंबा कागदात. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा. मग ती दोरी परत खुंटीला लावून एवढंच म्हणाली, "दोरी चांगली जपलीस, अण्णा." वह्या पिशवीत घातल्या, कुसुमच्या हातचा चहा घेतला, तिच्या पाठदुखीची चौकशी केली आणि साडेतीनच्या बसने गेली. त्यानंतर सात वर्षं आम्ही भेटत राहिलो. लग्नात, बारशात, तेराव्याला. या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही. तिने मला चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर मी तिचा जन्मभर ऋणी राहिलो असतो.

शेवटची भेट धारला, तिच्या खोलीत. रोग पोटात पसरला होता, डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. मी बसमध्ये ठरवून गेलो होतो की आज बोलायचं. ती खाटेवर उशांना टेकून बसली होती, हात काडीसारखे. उशाशी एक वही. खाटेपासून दारापर्यंत चालत जायचं, परत यायचं, आणि धाप शांत व्हायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघून लिहायचं, हा तिचा रोजचा उद्योग. मी वही चाळली. मिनिटं वाढत गेली होती, आणि मध्ये मध्ये रकाने मोकळे. "त्या दिवशी उठलेच नाही," ती सहज म्हणाली. स्वतःच्या मरणाच्या वहीतही तिने एक आकडा मनाने घातला नव्हता. मला तिचा तेव्हा संताप आला, खरं सांगतो. इतकं सरळ राहून हिने मिळवलं काय? शेवटी मी म्हटलं, "इंदू, ती विहिरीची वही..." तिने डोळे मिटले. "चहा घे, अण्णा. निवतोय." मी चहा घेतला. पुन्हा विषय काढायला मला कुणी अडवलं नव्हतं.

अस्थी आम्ही धरमपुरीला नेल्या, मी आणि तिचा भाचा. धरणामुळे नर्मदा तिथे आता वाहत नाही, फुगून उभी असते. नाववाल्याने मध्यावर नेलं, भाच्याने कलश रिकामा केला. राख पुढे गेलीच नाही, बराच वेळ नावेच्या कडेलाच तरंगत राहिली. भाचा काठाकडे बघत होता. मी राखेकडे बघत होतो, आणि सवयीने मनात म्हणत होतो, किती वेळ लागतोय...

तिची खोली आवरायला आठवड्याने पुन्हा गेलो. टेबलाच्या खणात माझ्या तिन्ही वह्या होत्या, कागदात गुंडाळलेल्या. तिसरी उघडली. माझ्या सुबक अक्षरातल्या प्रत्येक खोट्या ओळीपुढे तिने शिसपेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता, 'कोरा'. आदल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून तिने अचूक दिवस शोधला होता, ज्या दिवसापासून मी मोजणं सोडलं. आधीच्या खऱ्या ओळींना धक्का लावला नव्हता. पानामागून पान, कोरा, कोरा, कोरा. वह्यांखाली तिचा टाइप केलेला हिंदी अहवाल होता, गावासाठी लिहिलेला, कधीच न वाटलेला. त्यात प्रत्येक विहीर होती. माझ्या विहिरीखाली एक बारीक टीप होती. मराठीत सांगायचं तर, निरीक्षकाच्या दीर्घ आजारपणामुळे या विहिरीच्या तिसऱ्या वर्षीच्या नोंदी घेता आल्या नाहीत.

मी आजारी नव्हतो, आणि हे तिला ठाऊक होतं. इंदूने जन्मात एकच खोटी नोंद केली, आणि ती माझ्यासाठी. म्हणूनच अहवाल तिने खणात ठेवला असणार. खोटं असलेला कागद ती लोकांच्या हातात देऊ शकली नाही, आणि माझं नाव घालून तो खराही करू शकली नाही. सात वर्षं ते काम तसंच पडून राहिलं. एका माणसाच्या दुपारच्या झोपेखाली.

इथेच लेख संपवून इंदूरच्या मराठी वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवायचा, असा माझा बेत होता. लिहून झाल्यावर जरा हलकंही वाटलं. मग लक्षात आलं की हे मी मराठीत लिहितोय. कैलासला मराठी येत नाही. इंदूरला चार सुशिक्षित लोक वाचतील, "किती प्रांजळ" म्हणतील, आणि ज्याचा भाऊ गेला त्याला पत्ताही लागणार नाही. रकाना पुन्हा सुबक अक्षरात भरला जाणार... तेव्हा लेख बाजूला ठेवला, तिसरी वही पिशवीत घातली आणि देवासची बस धरली. शेती सोडून कैलास आता तिथल्या एका कारखान्याच्या गेटवर असतो. गेटबाहेर चहाच्या टपरीजवळच्या बाकावर मी त्याला सगळं सांगितलं. माझं झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, "कित्ते दिन?"

मी वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. तो पेन्सिलीच्या खुणांवरून बोट फिरवत पुढे सरकला आणि माघातल्या त्या सभेच्या दिवसावर थांबला. "ये भी?" मी म्हटलं, "ये भी." मग माझ्यातला हेडमास्तर बोललाच, म्हटलं, "वैसे भी कोई मानता थोड़ी, कैलास. मूंग तो सब लगाते ही." त्याने वही मिटून माझ्या हातात दिली. "मानता कि नी मानता, वो तो मेरे को सोचना था, मास्टरसाब." एवढं बोलून तो उठला आणि टोपी घालून गेटच्या आत गेला. चाळीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच त्याने मला पाणी विचारलं नाही.

दोरी अजून त्याच खुंटीला आहे. घडी मोडली आहे आता, आणि तिच्याखालच्या फरशीवर पाण्याचा डाग धरला आहे. यंदा विहिरीत पाणी आहे. सकाळी डोकावलं तर भरलेली दिसते. मी बाराला विहिरीवर जातो, दर तासाला मोजतो, झोपत नाही. पाणी जागेवर यायला आता तीन तास पुरत नाहीत, संध्याकाळ होते. आकडे मी हिंदीत लिहून धर्मशाळेच्या ओट्यावर लावतो. कुणी वाचतं, कुणी वाचत नाही. मागच्या गुरुवारी अंगात ताप होता, उठवेना. संध्याकाळी कुसुम वही घेऊन खाटेशी आली आणि म्हणाली, "कालच्यासारखंच असणार की. मी लिहू का?" मी नको म्हटलं. गुरुवारचा रकाना कोरा आहे.